सुरुवातीच्या विनोदी बोलपटांतला गोंधळ: तो आला कुठून, आणि आज दाखवावा कसा

प्रश्न थोडक्यात असा. एका लहान फिल्म सोसायटीला १९२९ ते १९३३ या काळातले अमेरिकन विनोदी बोलपट दाखवायचे आहेत. सभासदांनी चाचणी म्हणून एक-दोन पाहिले आणि मतं फुटली. काहींना ते भन्नाट वाटले. काहींना अर्धवट वाटले: कॅमेरा ढिम्म हलत नाही, मागे संगीत नाही, कथानक मध्येच सुटतं, पात्रं बोलता बोलता चौकटीबाहेर जातात आणि दोन वाक्यांमध्ये उगाचच रिकामी जागा पडते. हा गोंधळ ठरवून घातलेला आहे की तंत्र कच्चं होतं म्हणून झालेला आहे? आणि यातले कोणते चित्रपट, कुठल्या क्रमाने, कशी काळजी घेऊन दाखवावेत?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकमेकींत कशा अडकल्या हे कळलं तरच या चित्रपटांची गोडी कळते. मायक्रोफोन आला आणि पडद्यावरची माणसं जागच्या जागी खिळली. नेमकं त्याच वेळी स्टुडिओंना बोलता येणारे नट हवे होते, म्हणून त्यांनी रंगभूमीवरून आणि व्हॉडव्हिलच्या फिरत्या खेळांतून अशी माणसं उचलून आणली, ज्यांना एका जागी उभं राहणं जमतच नव्हतं. खिळलेलं यंत्र आणि न खिळणारी माणसं यांची झटापट त्या चार-पाच वर्षांत पडद्यावर उघड दिसते. पुढे यंत्र सुटं झालं तोवर माणसांना वळण लावलं गेलं होतं, त्यामुळे तशी झटापट पुन्हा झाली नाही.

आधी यंत्राबद्दल, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसायचा, वेगळ्या तबकडीवर असायचा. तबकडी १६ इंचांची, मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि सुई आतून बाहेरच्या दिशेने जायची. एक तबकडी म्हणजे १००० फुटांचं एक रीळ. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, म्हणजे रीळ सुमारे ११ मिनिटांचं. या तबकडीवरचा आवाज कापता येत नव्हता. ध्वनिमुद्रण एकदा सुरू झालं की दृश्य न थांबता पुरं करावं लागे, आणि जवळचा-लांबचा शॉट हवा असेल तर दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागत. पट्टीवरच आवाज उमटवणाऱ्या पद्धती आल्यावरही काही काळ ही सवय सुटली नाही, कारण आवाज आणि चित्र जुळवून कापण्याची साधनं अजून नीट तयार झाली नव्हती.

कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जायची, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडत. आत उकाडा इतका की टेक संपला की दार उघडावं लागे. खोकं जागेवरून हलत नसे. आर्क दिवे गुणगुणत, म्हणून त्यांच्या जागी तारेचे मोठे बल्ब आले. तीन कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा प्रकाश करायचा तर तो सपाटच करावा लागतो, आणि म्हणून या चित्रपटांत सावल्या जवळजवळ नाहीत. मायक्रोफोन जड होता आणि एका ठिकाणी टांगलेला असे. नट त्याच्याखाली घोळका करून बोलत. एखादं दृश्य पाहताना सगळे कुठल्या अदृश्य बिंदूकडे तोंड करून बोलताहेत हे शोधा, मायक्रोफोन कुठे लपवलाय ते पाच मिनिटांत कळेल.

यापेक्षा मोठा फटका वेगाचा होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मूकपटातले विनोदी नट कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून घेत, म्हणजे पडद्यावर धावपळ प्रत्यक्षापेक्षा जलद दिसे. आवाज आल्यावर वेग २४ चौकटींवर कायमचा बांधला गेला, कारण वेग हलला की आवाज जाड किंवा चिरका होतो. पडणं, धावणं, आपटणं हे सगळं एकदम माणसाच्या खऱ्या वेगाने होऊ लागलं. मूकपटातले अनेक मोठे विनोदवीर इथे अडखळले. न बोलता करायचा पाठलाग वेगळा, आवाजाशिवाय घेता येई आणि नंतर त्याला आवाज जोडत, पण बोलता बोलता पळायचं असेल तर सुटका नव्हती.

तिसरी अडचण मिसळणीची. सुमारे १९३२पर्यंत दोन-तीन ध्वनिपट्ट्या एकत्र करून पुन्हा मुद्रित केल्या की खरखर फार वाढायची. त्यामुळे संवादाखाली संगीत हवं असेल तर वादक सेटवरच बसवावे लागत. बहुतेकांनी तो नाद सोडला. आज आपल्याला जाणवणारी ती कोरडी, उघडी शांतता इथून आली आहे. आपल्याकडेही हेच झालं. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तो चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर घेणाऱ्या टानार यंत्रावर चित्रित झाला होता. शेजारून आगगाड्या जात म्हणून चित्रण रात्री करत, आणि वादकांना चौकटीच्या बाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात लपवून बसवत.

आता माणसांकडे वळू. ग्राउचो, चिको, हार्पो आणि झेपो या चार विनोदी नटांचा, म्हणजे मार्क्स बंधूंचा ‘द कोकोनट्स’ १९२९ साली न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया स्टुडिओत चित्रित झाला. दिवसा चित्रण, आणि संध्याकाळी तेच चौघे ब्रॉडवेवर ‘ॲनिमल क्रॅकर्स’ या पुढच्या नाटकाचा प्रयोग करायचे. दिग्दर्शक दोन होते, रॉबर्ट फ्लोरी आणि जोसेफ सँटली, आणि कॅमेऱ्यावर जॉर्ज फोल्सी. ‘द कोकोनट्स’ हे मूळचं त्यांचं नाटक, ते चौघांच्या अंगात इतकं मुरलेलं की रोज काहीतरी नवं घुसडायचं ही त्यांची सवय. कॅमेरामन खोक्यात बंद आणि भिंग एका जागी रोखलेलं. मग ग्राउचो दोन पावलं जास्त टाकतो आणि अर्धा चौकटीबाहेर जातो. हार्पो कुणाच्या मागे धावत सुटतो, पडद्यावर रिकामी भिंत उरते आणि तो दुसऱ्या बाजूने परत येतो. हे कुणी रचलेलं नाही. पण पाहणाऱ्याला जे जाणवतं ते खरंच आहे: या माणसांना आवरायला पडदा अपुरा पडतो. माझ्या मते मार्क्स बंधूंच्या पडद्यावरच्या प्रतिमेचा निम्मा पाया या तांत्रिक अपघातावर उभा आहे.

त्याच चित्रपटात ग्राउचो आणि चिको नकाशा उघडून बोलतात, तेव्हा कागदाकडे नीट पाहा. तो लोंबतोय, कडक नाही. कोरड्या कागदाचा चुरचुराट मायक्रोफोनला गडगडाटासारखा ऐकू जात होता, म्हणून कागद पाण्यात भिजवून वापरले. दृश्य शब्दांच्या घोळावर चाललेलं असताना हातात ओला नकाशा आहे हे एकदा लक्षात आलं की त्या काळच्या अडचणी पुस्तकात वाचाव्या लागत नाहीत.

‘ॲनिमल क्रॅकर्स’ (१९३०) याच स्टुडिओत झाला आणि त्यात आवाज हाच विनोद होऊ लागल्याची पहिली ठळक खूण दिसते. पोलिस हार्पोचा हात हातात घेऊन त्याला उपदेश करतोय आणि हार्पोच्या बाहीतून चोरलेले चमचे-सुऱ्या खणखणत जमिनीवर पडू लागतात. पडतात, थांबतात, पुन्हा पडतात. उपदेश चालूच. मूकपटात हा विनोद ढीग दाखवून संपला असता. इथे कान मोजत राहतो की अजून किती, आणि शेवटी कॉफीची किटली पडते तेव्हा सभागृह फुटतं. रचना साधी आहे: आवाज सुरू, कानाला सवय, आता संपला असं वाटणं, आणि मग वेगळ्या जातीचा एक आवाज. पुढची कित्येक वर्षं ध्वनीवरचे विनोद याच चार पायऱ्यांनी चढत गेले.

याहून धीट गोष्ट ‘मंकी बिझनेस’मध्ये (१९३१) आहे. जहाजात लपून आलेले चौघे भाऊ मॉरिस शेव्हालिए या फ्रेंच गायकाचा पासपोर्ट चोरतात आणि प्रत्येक जण ‘मीच शेव्हालिए’ म्हणून अधिकाऱ्यांसमोर उभा राहून त्याचं गाणं म्हणतो. हार्पो तर बोलतच नाही. तरी त्याचं गाणं सगळ्यांत अस्सल निघतं. मग गाणं हळू होत जातं, आवाज घोगरा होतो, आणि कळतं की त्याने पाठीवर फोनोग्राफ बांधलाय आणि त्याची चावी संपत आली आहे. तबकडीवरच्या आवाजाने चालणारे चित्रपट लोकांनी नुकतेच पाहिले होते, आवाज आणि ओठ निसटताना अनेकांनी अनुभवले होते. त्या प्रेक्षकांसमोर बोलपटाचं अख्खं यंत्र एका मुक्या माणसाच्या पाठीवर बांधून दाखवलं आहे. या काळातलं एकच दृश्य दाखवायची मुभा असेल तर मी हे दाखवेन.

लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीने दुसरा मार्ग काढला, आणि संकलन शिकणाऱ्यांनी तो आधी अभ्यासावा असं मला वाटतं. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीमधल्या हाल रोच स्टुडिओत त्यांचा पहिला बोलपट १९२९ साली झाला. बोलणं आल्यावर बहुतेक नट अखंड बोलू लागले, पण हे दोघे कमी बोलले. वेग बांधला गेलाय तर हळूच जाऊ असं त्यांनी ठरवल्यासारखं दिसतं. आणि अपघात दाखवण्याऐवजी ते ऐकवू लागले. हार्डी दारातून आत जातो, कॅमेरा बाहेर लॉरेलच्या चेहऱ्यावर थांबतो, आतून भांडी, लाकूड, काच, आणि सगळ्यांत शेवटी उशिरा पडणारी एक छोटी वस्तू. खर्च कमी, नटाला दुखापत नाही, आणि प्रेक्षक जे मनात पाहतो ते सेटवर बांधणं शक्यच नव्हतं.

त्यांच्या ‘द म्युझिक बॉक्स’ची (१९३२) गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका लांबलचक जिन्यावरून खोक्यातला पियानो वर न्यायचा, एवढंच कथानक. तीन रिळांच्या या लघुपटाला विनोदी लघुपटांसाठीचं पहिलं ऑस्कर मिळालं. पण हीच कल्पना त्यांनी १९२७मध्ये, त्याच जिन्यावर, ‘हॅट्स ऑफ’ या मूकपटात वापरली होती. तो आज हरवला आहे. त्यात वर न्यायची वस्तू कपडे धुण्याचं यंत्र होती. बोलपटात ती पियानो झाली. लाकडी खोकं पूर्ण बंद आहे, पियानो दिसत नाही, पण प्रत्येक पायरीवर आपटताना आतल्या तारा वेदनेने झणझणतात. खोकं सुटून जिन्यावरून खाली जातं तेव्हा आपण निर्जीव वस्तूबद्दल कळवळतो, ते फक्त त्या झणझणाटामुळे. वस्तू एक बदलली आणि चित्रपटाचा जीव बदलला. सभासदांना हे पटवायचं असेल तर मधली चार मिनिटं आधी आवाज बंद करून दाखवा, मग पडदा झाकून फक्त आवाज ऐकवा, आणि मग दोन्ही एकत्र.

वाक्यांमधल्या त्या रिकाम्या जागांचं उत्तरही इथेच आहे. रंगभूमीवरचा नट हशा ऐकून बोलतो. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरू लागतो, आणि अर्ध्यावर आला की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर ते हशात बुडतं, उशीर केला तर प्रयोग थंड पडतो. आपल्या फार्सच्या नटांना हे सांगावं लागत नाही. पडद्यावरच्या नटाला मात्र सभागृह ऐकू येत नाही. रोचच्या स्टुडिओत यावर उपाय होता: लघुपट आधी चाचणीच्या खेळाला लावायचा, कुठे आणि किती हशा येतो ते पाहायचं, आणि तेवढी जागा ठेवून संकलन करायचं. ती जागा रिकामी दिसू नये म्हणून हार्डी कॅमेऱ्याकडे असहाय्यपणे पाहतो आणि लॉरेल डोकं खाजवतो. आज एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्याला ही थांबलेली सेकंदं मेल्यासारखी वाटतात. ती मोकळी सोडलेली आहेत, प्रेक्षकाने भरायची आहेत.

मार्क्स बंधूंनी पॅरामाउंट स्टुडिओसाठी केलेल्या चित्रपटांत ग्राउचो थांबतच नाही. एकावर एक तीन कोट्या येतात, पहिल्यावर हसलात तर उरलेल्या दोन गेल्या. दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की काळाची पूर्ण कल्पना येते.

‘डक सूप’बद्दल (१९३३) जरा थांबून बोलायला हवं, कारण तो यातला सगळ्यांत नेमका चित्रपट आहे. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी पूर्वी हाल रोचकडे लॉरेल-हार्डींबरोबर काम केलेला माणूस. त्याने ग्राउचोच्या शब्दांच्या माऱ्याशेजारी रोचकडची संथ, पायरीपायरीने चढणारी मारामारी आणून बसवली. लिंबूसरबतवाल्याशी होणारं भांडण पाहा, त्यातला सरबतवाला एडगर केनेडी हाही रोचच्याच मुशीतला. हार्पोचं हार्प वाजवणं आणि चिकोचा पियानो, जे आधी प्रत्येक चित्रपटात यायचे, ते इथे गाळले. लांबीही बोलकी आहे. ‘द कोकोनट्स’ दीड तासाहून मोठा आहे, ‘मंकी बिझनेस’ सुमारे ७७ मिनिटांचा आणि ‘डक सूप’ ६८ मिनिटांचा. चार वर्षांत प्रेमकथेचा आणि नाटकाच्या प्रवेश-निर्गमांचा बहुतेक पसारा गळून पडला.

यातलं आरशाचं दृश्य सगळ्यांना ठाऊक असतं: आरसा फुटलाय आणि ग्राउचोचं सोंग घेतलेला हार्पो त्याचं प्रतिबिंब बनून त्याच्यासमोर हुबेहूब हालचाली करतो. ही युक्ती जुनी आहे, फ्रेंच विनोदवीर मॅक्स लिंडरने ती १९२१ साली वापरली होती. मॅकॅरीचं कसब दुसऱ्या ठिकाणी आहे. आरशाच्या जरा आधी हार्पो तिजोरी समजून ज्या पेटीला हात घालतो ती रेडिओ निघते आणि मध्यरात्री घरभर लष्करी बँड गर्जू लागतो. तो काही केल्या बंद होत नाही. हार्पो तो आपटतो, फोडतो, शेवटी खिडकीबाहेर फेकतो. मग धावताना आरशावर आदळतो. आणि त्यानंतर संपूर्ण शांतता. संवाद नाही, संगीत नाही, पावलांचा आवाजसुद्धा नाही. बोलपट येऊन सहा वर्षं झाल्यावर कुणीतरी आवाज काढून घेण्याचा परिणाम इतका अचूक मोजला. हा भाग दाखवताना रेडिओपासून दाखवा. फक्त आरशाचा तुकडा दाखवणाऱ्या क्लिप अर्ध्याहून जास्त परिणाम वाया घालवतात.

युरोपात फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेअरने हीच वाट वेगळ्या नजाकतीने चालून पाहिली. त्याच्या ‘ल मिलियाँ’मध्ये (१९३१) लॉटरीचं तिकीट असलेल्या कोटासाठी ओढाताण होते तेव्हा त्यावर खेळाच्या मैदानावरची शिट्टी आणि प्रेक्षकांचा गलका लावला आहे. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’च्या (१९३१) सुरुवातीला भाषण करणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून नुसता पिपाणीसारखा चिरका आवाज काढला. दोन्ही उत्तम, पण ही शांत डोक्याने केलेली कारागिरी आहे. गोंधळ नाही.

हा काळ संपला कसा? १९३२-३३पर्यंत कॅमेरा खोक्यातून बाहेर आला, त्याच्यावर आवाज दाबणारं कवच बसलं, मायक्रोफोन लांब दांड्यावर फिरू लागला, मिसळणी सुधारली. अडथळेच गेले. दुसरीकडे अमेरिकी चित्रपटांची १९३०ची आचारसंहिता जुलै १९३४पासून कडक अमलात आली आणि द्व्यर्थी बोलण्यावर कात्री चालली. ‘डक सूप’ आधीच्या चित्रपटाइतका चालला नाही, मार्क्स बंधू पॅरामाउंट सोडून एमजीएम स्टुडिओकडे गेले, आणि तिथे निर्माता अर्व्हिंग थॅलबर्गने त्यांना कथानक, प्रेमी जोडपं आणि शिस्त दिली. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’चे (१९३५) प्रवेश आधी रंगमंचावर गावोगावी करून पाहिले आणि हशे घड्याळ लावून मोजले. चित्रपट अधिक घट्ट बांधलेला आहे, लोकांना आवडलाही जास्त. पण आता कॅमेऱ्याला माहीत असतं की हार्पो कुठे जाणार आहे.

आता तुमच्या खेळाची तयारी.

पहिल्या दिवशी ‘द कोकोनट्स’ लावू नका. कालक्रमाचा मोह बहुतेकांना होतो आणि तिथेच निम्मे सभासद गळतात, कारण त्यातली गाणी आणि प्रेमकथा खरोखर कंटाळवाणी आहेत आणि उपलब्ध प्रतीचा दर्जा रिळागणिक बदलतो. पहिल्या संध्याकाळी ‘द म्युझिक बॉक्स’ आणि ‘डक सूप’ लावा. दोन्ही मिळून १०० मिनिटांच्या आत होतात. दुसऱ्या खेळाला ‘मंकी बिझनेस’, आधी बर्न्स आणि ॲलन या विनोदी जोडीचा १९२९चा ‘लॅम्बचॉप्स’. हा व्हायटाफोनचा एका रिळाचा लघुपट आहे, एकाच खोलीत दोघं उभं राहून बोलतात, अधूनमधून सरळ आपल्याकडे पाहून. तबकडीच्या काळात कॅमेरा का हलत नव्हता हे त्यातून आपोआप कळतं. तिसऱ्या खेळाला ‘ॲनिमल क्रॅकर्स’. ‘द कोकोनट्स’ सगळ्यांत शेवटी, आणि तोसुद्धा ओल्या नकाशाबद्दल आधी सांगून. विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सचा ‘द फेटल ग्लास ऑफ बिअर’ (१९३३) हा लघुपट नवख्या प्रेक्षकांसमोर लावू नका. त्यात दार उघडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं जातं आणि दरवेळी मूठभर बर्फ तोंडावर येतो. सवय झालेल्या प्रेक्षकाला तो अफाट वाटतो, नवख्याला निव्वळ बिघडलेला.

प्रत निवडताना लघुपटांकडे जास्त लक्ष द्या. ‘ब्रॅट्स’सारख्या (१९३०) लॉरेल-हार्डीच्या काही लघुपटांना त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा प्रदर्शित करताना नवं पार्श्वसंगीत जोडलं गेलं, त्यामुळे एकाच लघुपटाच्या दोन ध्वनिपट्ट्या फिरतात. मूळ कोरडी शांतता दाखवायची असेल तर कुठली प्रत आहे ते आधी ऐकून ठरवा. ‘ॲनिमल क्रॅकर्स’ची जुनी प्रत पुनर्प्रदर्शनाच्या वेळी कापलेली आहे. गाळलेले तुकडे ब्रिटनमध्ये जपलेल्या प्रतीवरून परत जोडलेली आवृत्ती मिळवा. मार्क्स बंधूंच्याच ‘हॉर्स फेदर्स’मध्ये (१९३२) नटी थेल्मा टॉडच्या खोलीतल्या प्रसंगात चित्र उड्या मारतं. तो तुमच्या यंत्राचा दोष नाही, उरलेली प्रतच तशी आहे. फिल्मवर आवाज हा चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो, म्हणून प्रत तुटून जोडली गेली की आधी चित्र उडी मारतं आणि जवळजवळ सेकंदभराने शब्द खाल्ला जातो. प्रेक्षकांना हे आधी सांगितलं तर कुणी मागे वळून प्रोजेक्टरकडे पाहत नाही.

चित्राची चौकट तपासा. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आल्याने त्या वर्षांत चित्र जवळजवळ चौकोनी, १.१९ : १ झालं होतं. १.३७ : १ हे प्रमाण १९३२मध्ये ठरलं. डिस्क किंवा फाइल चालवताना टीव्ही-प्रोजेक्टरवर चित्र पडदाभर ताणण्याची सोय चालू राहिली तर सगळे नट बुटके आणि रुंद दिसतात, आणि ‘झूम’ चालू असेल तर कपाळं कापली जातात. शीर्षकाची अक्षरं चारही बाजूंनी पूर्ण दिसतात का ते पाहा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा.

आवाज एकच आहे, मोनो. तो मधल्या एकाच स्पीकरवर द्या. दोनच स्पीकर असतील तर ते पडद्याखाली जवळ जवळ ठेवा. लांब ठेवले तर कडेच्या खुर्च्यांना तो पोकळ ऐकू येतो. सराउंड आणि जादा बेस बंद. खरखर फार वाटली तर तिखट बाजू थोडीच उतरवा. जास्त उतरवली, किंवा खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात लावलं, तर ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं पुसली जातात, आणि ग्राउचोची कोटी नेमकी त्यांच्यावर उभी असते. पातळी शीर्षकसंगीतावर लावू नका, पहिल्या संवादावर लावा. आणि आपल्या छोट्या सभागृहांतला खरा शत्रू म्हणजे छताचे पंखे. या ध्वनिपट्ट्यांतला कमकुवत आवाज पंख्याच्या घरघरीत सरळ बुडतो. खेळाआधी खोली गार करून घ्या आणि पंखे सर्वांत कमी वेगावर आणा.

सबटायटल्स ठेवाच. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनाही चिकोचा बनावट इटालियन ढंग आणि ग्राउचोचा वेग झेपत नाही. दोष नेहमी एकाच ठिकाणी असतो: कोटीची तयारी आणि कोटी एकाच पट्टीवर छापलेली असतात, डोळा कानाच्या आधी पोहोचतो, आणि नटाने तोंड उघडण्याआधी लोक हसून मोकळे होतात. फाइल तुमच्या हातात असेल तर अशा पट्ट्या दोन भागांत तोडा आणि दुसरा भाग आवाजाच्या दोन-तीन चौकटी नंतर आणा. मराठी सबटायटल्स करणार असाल तर दोन ओळींमधलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. आणि प्रत्येक शब्द पकडायचा हट्ट धरू नका. ग्राउचोच्या चार वाक्यांपैकी तीन वाचता आली तर पुरे, डोळ्यांना हार्पोसाठी मोकळीक हवी.

प्रेक्षक विखरून बसवू नका. २०० खुर्च्यांच्या सभागृहात ४० जण पसरले तर लॉरेल-हार्डीने सोडलेल्या जागा रिकाम्याच राहतात. तेच ४० जण ५० खुर्च्यांच्या खोलीत बसले तर भरतात. मागच्या रांगा दोरी बांधून बंद करा, पुढून भरत या.

प्रास्ताविक पाच मिनिटांहून लांबवू नका आणि त्यात एकही विनोद आधी सांगू नका. त्या काळच्या अमेरिकेतले वर्णद्वेषी उल्लेख मात्र आधीच सांगा. ‘डक सूप’मध्येही ग्राउचोच्या तोंडी कृष्णवर्णीयांबद्दलचं एक हीन वाक्य आहे, आणि ते अचानक कानावर आलं तर पुढची दहा मिनिटं सभागृह गप्प होतं.

दोन भाषांत चित्रपट करण्याबद्दल सभासदांनी विचारलंच तर एक दुवा हाताशी ठेवा. डबिंग रुळण्याआधी लॉरेल आणि हार्डी यांनी आपले काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन भाषांत पुन्हा चित्रित केले. भाषा येत नव्हती, म्हणून उच्चार फळ्यावर लिहून कॅमेऱ्याशेजारी धरत. ‘प्रभात’ने कोल्हापुरात १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोनदा केला, तो याच गरजेतून. लॉरेल-हार्डीची एखादी स्पॅनिश आवृत्ती मिळाली तर तिच्यातली दहा मिनिटं मूळ इंग्रजी आवृत्तीशेजारी जरूर दाखवा. तेच सेट, तेच पडणं, पण हार्डीची नजर वाक्याच्या शेवटी क्षणभर फळ्याकडे जाते का ते प्रेक्षकांना शोधू द्या.